सगळेच कुठे घेतात?

तंबाखूची रोजची सवय कितव्या वर्षी लागली, असा प्रश्न २०१६-१७ मध्ये झालेल्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात विचारला होता. विशी ते चौतिशीतल्या लोकांच्या उत्तरांची सरासरी निघाली १८.९ वर्षं. उत्तरं देणारे सगळे काही कॉलेजात गेलेले नव्हते. पण जे गेले असतील त्यांच्यासाठी हे वय म्हणजे बारावी आटोपून घर सोडल्यानंतरचं पहिलं-दुसरं वर्ष. पैसे मोजके, पण स्वतःच्या हातात. रात्री किती वाजता आलास असं विचारणारं कोणी नाही. आणि भोवती सगळी आपल्याच वयाची माणसं.

तंबाखू, दारू आणि अमली पदार्थ या तिन्हींची रसायनं वेगळी, कायदे वेगळे, शरीरावरचे परिणामही वेगळे. तरी होस्टेलवरच्या मुलाच्या आयुष्यात ती बहुधा एकाच समजुतीचा हात धरून येतात. ती समजूत म्हणजे ‘सगळेच घेतात’. पहिल्या झुरक्याच्या किंवा पहिल्या पेगच्या वेळी रसायनाची ओढ नसतेच. शरीराला त्याची ओळखही नसते. पहिला घोट कडू लागतो, पहिल्या तंबाखूने चक्कर येते, मळमळतं. तरीही मुलं दुसऱ्यांदा घेतात, कारण त्या वेळी ती पदार्थासाठी घेत नसतात, माणसांसाठी घेत असतात. पुढे पदार्थ ताबा घेतो, तेव्हा गोष्ट बदलते. हे दोन टप्पे वेगळे ओळखले नाहीत, तर आपण चुकीच्या टप्प्यावर चुकीचा उपाय करत बसतो. आज बहुतेक कॉलेजांत तेच चाललं आहे.

पहिल्या टप्प्याचा सगळ्यात बारकाईने अभ्यास अमेरिकेत झाला. न्यूयॉर्क राज्यातल्या होबार्ट अँड विल्यम स्मिथ या छोट्या कॉलेजात वेस्ली पर्किन्स आणि अ‍ॅलन बर्कोविट्झ यांनी विद्यार्थ्यांना दोन साधे प्रश्न विचारले: पिण्याबद्दल तुझं स्वतःचं मत काय, आणि इथल्या बाकीच्यांचं मत काय असेल? १९८६ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. बहुतेकांचं स्वतःचं मत बेताचं होतं. पण कॉलेजातलं सर्वसाधारण मत आपल्यापेक्षा पुष्कळ सैल आहे, असं त्यांच्यातल्या मोठ्या संख्येला वाटत होतं. म्हणजे प्रत्येक जण मनातल्या मनात स्वतःला अल्पमतात धरत होता, आणि प्रत्यक्षात तेच बहुमत होतं.

काही वर्षांनी प्रिन्स्टन विद्यापीठात डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनी याच गोष्टीच्या मुळाशी जायचं ठरवलं. १९९३ मध्ये आलेल्या त्यांच्या शोधनिबंधातला एक भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांनी त्याच विद्यार्थ्यांना सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी, असं दोनदा गाठलं. मधल्या काळात मुलांची मतं सरकली होती, आणि सरकली होती ती त्यांनी कल्पिलेल्या बहुमताच्या दिशेने. जे मुळात नव्हतंच त्याच्याशी ती जुळवून घेत होती. मुलींची मतं तशी सरकली नाहीत. एकाच गैरसमजाचे दोन वेगवेगळे परिणाम होते ते. आपल्याकडे मुलगा ‘बिघडला’ म्हणताना ‘संगत वाईट’ हे कारण लगेच पुढे येतं. या अभ्यासांतून मात्र दिसतं, की संगत प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा वाईट आहे असं वाटणंही पुरेसं होतं.

ही मोजणी का चुकते? पिणारा दिसतो, न पिणारा दिसत नाही. कॉलेजच्या फाटकाबाहेर टपरीवर आठ जण सिगरेट ओढत उभे असतात. त्याच वेळी दीडशे जण वर्गात, ग्रंथालयात, मेसमध्ये किंवा अंथरुणात असतात आणि त्यांची आपण गणतीच करत नाही. शनिवारी रात्री रूमवर कोण किती प्यायलं, कोणाला उलटी झाली, कोण कठड्यावर चढलं, याच्या कथा सोमवारी कँटीनमध्ये रंगवून सांगितल्या जातात. जो साडेदहाला झोपला त्याच्याकडे सांगण्यासारखी कथा नसते. शिवाय ज्याला नको असतं तो ‘नको’ मोठ्याने म्हणत नाही. हातात ग्लास धरून बसतो, चकणा खातो, हसतो. त्याच्याकडे पाहून शेजारच्याची खात्री पटते की यालाही आवडतंय.

आता आपल्या राज्याचे आकडे बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ वर्षांवरच्या पुरुषांपैकी सुमारे १४ टक्के पुरुषांनी दारू पीत असल्याचं सांगितलं. स्त्रियांमध्ये हे प्रमाण अर्धा टक्काही भरलं नाही. लोक अशा प्रश्नांना कमी करून उत्तरं देतात हे खरं, आणि मोठ्या शहरातल्या होस्टेलवरचं प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षा जास्त असेल हेही मी धरून चालतो. आकडा दुप्पट केला तरी शंभर पुरुषांतले सत्तरांहून जास्त दारूला शिवत नाहीत. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला हे कोणी सांगतच नाही.

उलट आपण त्याला नेमकं विरुद्ध सांगतो. २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन येतो, ३१ मेला तंबाखूविरोधी. फेरी निघते, शपथ होते, आणि फलकावर लिहिलेलं असतं ‘तरुणाई व्यसनाच्या विळख्यात’. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण वाचणाऱ्या नवख्या मुलाच्या डोक्यात त्यातून काय जातं? तरुणाई, म्हणजे सगळे, घेतात. मी एकटाच मागे राहिलो. भीती घालण्यासाठी लावलेला तो फलक त्याचा गैरसमजच घट्ट करतो.

टपरीकडे वळू. महाराष्ट्रात तंबाखू म्हटल्यावर सिगरेट डोळ्यांपुढे आणणं चूक आहे. वर सांगितलेल्या तंबाखू सर्वेक्षणात राज्यातल्या २६.६ टक्के प्रौढांनी कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत असल्याचं सांगितलं, पण धूम्रपान करणारे चार टक्केही नव्हते. बाकी सगळा कारभार चघळण्याचा, दाढेखाली धरण्याचा आणि मिसरी लावण्याचा. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत सिगरेट जास्त दिसते. पश्चिम महाराष्ट्रात मावा, आणि विदर्भात खर्रा. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदावर घोटून पुडी हातात येते. २०१२ मध्ये राज्याने गुटख्यावर बंदी आणली, पण टपरीवर समोर घोटून मिळणाऱ्या या पुडीची सवय त्याने सुटली नाही.

त्यातला चुना चवीपुरता नसतो. त्याने तोंडातला ओलावा अल्कधर्मी होतो, आणि तशा ओलाव्यातलं निकोटीन गालाच्या अस्तरातून झपाट्याने रक्तात उतरतं. सुपारी तर स्वतंत्रपणेच घातक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, तंबाखू नसली तरीही सुपारी माणसात कर्करोग करते, असं २००४ मध्ये जाहीर केलं. कर्करोगाच्या आधी येतो तो गालाच्या आतल्या अस्तराचा कडकपणा. तिखट सहन होईनासं होतं, गाल आतून पांढुरके आणि ताठ होतात, तोंड पूर्ण उघडत नाही. स्वतःची उभी तीन बोटं एकावर एक ठेवून दातांच्या मध्ये जातात का, हे कोणीही घरी पाहू शकतो. जात नसतील तर दंतवैद्याकडे त्याच आठवड्यात जावं. विदर्भातल्या दंतवैद्यांकडे अशा तक्रारी घेऊन विशीतली मुलं येतात. हा कडकपणा एकदा आला की पूर्ववत होत नाही. सवय सोडली तर निदान वाढायचा थांबू शकतो.

अभ्यासाला सिगरेट लागते, तिने डोकं चालतं, असं सबमिशनच्या आठवड्यात आणि स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांबाहेर कितीतरी मुलं मनापासून सांगतात. त्यांना तसं खरंच जाणवतं. झुरका घेतल्यावर निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं आणि तिथे डोपामिन सुटतं. पण रक्तातलं त्याचं प्रमाण सुमारे दोन तासांत निम्म्यावर येतं. सवय लागलेल्या मेंदूला ही घट सोसत नाही. चिडचिड होते, लक्ष उडतं, पुस्तकातली ओळ पुन्हा पुन्हा वाचावी लागते. पुढची सिगरेट ही अस्वस्थता दूर करते, आणि मुलाला वाटतं सिगरेटने लक्ष लागलं. सावकाराने आपलेच पैसे व्याज कापून परत दिले आणि आपण त्याचे आभार मानले, तसा हा प्रकार. सिगरेट न ओढणाऱ्या शेजारच्या मुलाचं लक्ष मुळात उडालेलंच नसतं.

लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र करून पाहिल्या. ज्यांनी आयुष्यात एकदा सिगरेट ओढून पाहिली, त्यांच्यातले अंदाजे दोन तृतीयांश लोक काही काळ तरी रोज ओढणारे झाले होते. अमेरिकेतल्या २०११ च्या एका मोठ्या विश्लेषणात वेगवेगळ्या पदार्थांची तुलना आहे. आयुष्यात कधी ना कधी अवलंबित्व येण्याचा अंदाज निकोटीन घेणाऱ्यांत ६७.५ टक्के, दारू पिणाऱ्यांत २२.७, कोकेन घेणाऱ्यांत २०.९ आणि गांजा ओढणाऱ्यांत ८.९ टक्के निघाला. आईवडील ज्या पदार्थांना सगळ्यात जास्त घाबरतात आणि ज्यांच्याकडे काणाडोळा करतात, त्यांची यादी या आकड्यांपुढे उलटी ठरते. मुलाच्या खिशात गांजा सापडला तर घरात रडारड होते. तंबाखूची पुडी सापडली तर ‘याचे आजोबाही खायचे’ म्हणून विषय मिटतो.

दारूचं गणित मुलं फार चुकवतात, विशेषतः बिअरचं. बिअर म्हणजे दारू नव्हे, असं पुष्कळांच्या मनात असतं. ३० मिली व्हिस्कीत किंवा रममध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं. आठ टक्क्यांची स्ट्राँग बिअर ६५० मिलीच्या बाटलीत येते, आणि तिच्यात ४० ग्रॅम भरतं. म्हणजे चार छोटे पेग. क्वार्टर म्हणजे १८० मिली, सहा पेग. यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम निकाली काढतं आणि त्याची गती वाढवणारी कोणतीही गोष्ट स्वयंपाकघरात सापडत नाही. लिंबूपाणी, कडक कॉफी, डोक्यावर थंड पाणी, यांनी माणूस थोडा जागा दिसेल. रक्तातली दारू तेवढीच राहील.

भराभर प्यायल्याने रक्तातलं प्रमाण झपाट्याने चढलं, की मेंदूतला आठवणी नोंदवणारा हिप्पोकॅम्पस काम थांबवतो. माणूस चालतो, बोलतो, फोन करतो, भांडतो, आणि सकाळी त्याला त्यातलं काही आठवत नाही. विसरला असं म्हणणंही बरोबर नाही, कारण ती आठवण तयारच झालेली नसते. मित्र दुसऱ्या दिवशी हे किस्से म्हणून सांगतात. वैद्यकीयदृष्ट्या ती मेंदूच्या एका भागाचं काम बंद पडल्याची घटना असते.

यापुढचं मी प्रत्येक होस्टेलच्या भिंतीवर लावलं असतं. पिऊन आडव्या पडलेल्या मित्राबद्दल ‘झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल’ असं म्हणून दिवा घालवू नका. शेवटचे पेग पोटात असतात, त्यामुळे झोपल्यानंतरही रक्तातलं प्रमाण चढत राहतं. उताणा पडलेल्याला उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊन तो गुदमरतो. त्याला कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडा म्हणजे तो पालथा किंवा उताणा होणार नाही, आणि कोणीतरी जागं राहून शेजारी बसा. हाक मारून, चिमटा काढून उठत नसेल, श्वास मंद किंवा तुटक असेल, अंग गार पडलं असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर १०८ला फोन करा. मुलं हा फोन करत नाहीत, कारण वॉर्डन काढून टाकेल, घरी कळेल, पोलीस येतील अशी भीती असते. कॉर्नेल विद्यापीठाने २००२ मध्ये नियम केला, की दारूमुळे अत्यवस्थ झालेल्यासाठी मदत मागणाऱ्यावर आणि त्या रुग्णावर शिस्तीची कारवाई होणार नाही. त्यानंतर मदतीसाठी येणारे फोन वाढले. आपल्या विद्यापीठांनी असा लेखी नियम करायला एक रुपयाही खर्च येणार नाही. तो नसेल तर पहाटे तीन वाजता एकोणीस वर्षांच्या मुलाला मित्राचा जीव आणि स्वतःचा प्रवेश यांतलं एक निवडावं लागतं.

कायद्याबद्दलही मुलांना फारच कमी माहिती असते. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वयाची अट २५ आहे, बिअर आणि वाइनसाठी २१. पदवीच्या वर्गातल्या बहुतेकांना कायद्याने बिअरसुद्धा चालत नाही. २००३ च्या कायद्याप्रमाणे शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तंबाखू विकता येत नाही. राज्यात २०२० पासून सुट्या सिगरेटच्या विक्रीवर बंदी आहे आणि २०१९ पासून देशभर ई-सिगरेटवर. यातले किती नियम आपल्या कॉलेजच्या फाटकाबाहेर पाळले जातात, हे प्राचार्यांनी एकदा चालत जाऊन पाहावं. सुटी सिगरेट नाही म्हणजे पूर्ण पाकीट घ्यावं लागणार, आणि विद्यार्थ्याच्या खिशाला ते परवडत नाही. हा नियम नेमका याच वयासाठी मोलाचा आहे.

गांजाविषयी मुलं मला सांगतात, की तो नैसर्गिक आहे आणि दारू-तंबाखूपेक्षा बरा. अवलंबित्वाच्या आकड्यांत त्यांना आधार सापडेल, हे मी आधीच लिहिलं आहे. पण गांजाचा धोका दुसरीकडे आहे. स्वीडनमध्ये लष्करभरतीच्या वेळी तपासलेल्या ४५ हजारांहून जास्त तरुणांचा पंधरा वर्षं मागोवा घेतला गेला. १९८७ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. भरतीपर्यंत पन्नासहून जास्त वेळा गांजा किंवा चरस ओढलेल्यांना स्किझोफ्रेनिया होण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट होतं. या फरकात आधीच्या मानसिक त्रासाचाही वाटा होता, हे नंतरच्या छाननीत दिसलं. पण तो वजा करूनही धोका शिल्लक राहिला. स्किझोफ्रेनिया बहुधा उशिराच्या किशोरवयात आणि विशीतच डोकं वर काढतो. ज्याच्या घरात कोणाला असा आजार झाला आहे, त्याने एकही जॉइंट ओढू नये, असं मी आडपडदा न ठेवता सांगतो.

अलीकडे शहरांत ‘एमडी’, म्हणजे मेफेड्रोन, आलं आहे. २०१५ मध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं गेलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यावर छापा घातला, तेव्हा या पांढऱ्या पावडरीचे शेकडो किलो हाती लागले. त्याचा अंमल दोन-तीन तासांत उतरतो, म्हणून एका रात्रीत पुन्हा पुन्हा घेतलं जातं. झोप उडते, छाती धडधडते, कोणीतरी आपल्या मागावर आहे असं वाटू लागतं. मराठवाड्यात आणि मालेगावकडे झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्या ‘बटन’, ‘कुत्ता गोळी’ अशा नावांनी फिरतात. त्या दारूबरोबर घेतल्या तर दोन्ही मिळून श्वासच मंद करतात. या पदार्थांपर्यंत पोचणारी मुलं थोडी असतात. त्यांच्याविषयीच्या बातम्या मात्र सगळ्यात मोठ्या अक्षरात येतात आणि मोजणी पुन्हा चुकते.

मग कॉलेजने करायचं काय? अमेरिकेतल्या काही विद्यापीठांनी खरे आकडे फलकांवर लावून पाहिले: इथले बहुतेक विद्यार्थी बेताने पितात. पण हार्वर्डच्या हेन्री वेक्सलर यांनी अशी मोहीम राबवणाऱ्या कॉलेजांची इतरांशी तुलना केली, तेव्हा २००३ मध्ये त्यांना पिण्यात घट आढळली नाही. प्रिन्स्टनचा दुसरा प्रयोग मात्र यशस्वी झाला. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नव्या विद्यार्थ्यांचे छोटे गट बसवले होते. काही गटांत जबाबदारीने कसं प्यावं याची चर्चा झाली. बाकीच्या गटांत, आपण एकमेकांबद्दल काय समजतो आणि ते कसं चुकतं, यावर मुलं एकमेकांशीच बोलली. चार ते सहा महिन्यांनी दुसऱ्या प्रकारच्या गटांतली मुलं कमी पीत होती. फलकावरचा आकडा मुलं खोटा धरतात. शेजारी बसलेल्या मुलाने ‘मलाही नको असतं’ म्हटलेलं खोटं धरता येत नाही. पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात, वीस-वीसच्या गटात, भाषण न देणारा एखादा शिक्षक किंवा मोठा विद्यार्थी घेऊन हे कोणत्याही कॉलेजात करता येईल.

ज्याच्या बाबतीत दुसरा टप्पा सुरू झाला आहे, त्याला मात्र गप्पा पुरत नाहीत. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत, दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कसलेतरी उपचार मिळाल्याचं दिसलं. लाज, पैसा आणि ‘मनात आणलं तर सोडेन’ हा भरवसा, तिन्ही आड येतात. महाराष्ट्रात या कामाची एक चांगली परंपरा आहे. ऐंशीच्या दशकात गर्दने, म्हणजे ब्राउन शुगरने, मुंबई-पुण्यातल्या तरुणांना गाठलं, तेव्हा अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे पुढे आले, आणि १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचटांच्या पुढाकाराने पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता आजारी माणूस मानणं हा तिथल्या उपचारांचा पाया आहे. कायद्यातही यासाठी जागा ठेवलेली आहे. अमली पदार्थांच्या कायद्याच्या ६४-अ या कलमानुसार, सेवनाबद्दल किंवा अल्प प्रमाण बाळगल्याबद्दल आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेऊ लागला आणि ते त्याने पूर्ण केले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. घाबरून मुलाला लपवून ठेवणाऱ्या पालकांना हे कलम ठाऊकच नसतं.

तंबाखू सोडताना सगळ्यात जास्त त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत होतो आणि तीन-चार आठवड्यांत तो बराच ओसरतो. निकोटीनची गोळी किंवा पट्टी डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतली तर यशाची शक्यता वाढते. सोडण्यासाठी मदतीचा नंबर १८००-११-२३५६ तंबाखूच्या पाकिटावरच छापलेला असतो. अमली पदार्थ आणि दारूसाठी १४४४६, मानसिक त्रासासाठी टेलीमानसचा १४४१६. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र दारू एका रात्रीत बंद करू नये. एक-दोन दिवसांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, आणि त्यात जीवही जातो. अशा मित्राला शपथ घालू नका. डॉक्टरांकडे घेऊन जा आणि किती, कधीपासून पितो, ते त्यांना खरं सांगा.